सत्तावीस लाल झेंड्या

चिठ्ठीबाईंच्या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू सापडली, तर ती नुकतीच दुकानातून आलेली आहे असं खुशाल समजावं. साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ' इथपर्यंत ठीक आहे हो, पण कात्रीवर 'कात्री' कशाला लिहायचं? हे कोडं त्यांच्या धाकट्या दिराला इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं. छत्र्यांना नंबर, किल्ल्यांना नंबर, त्याच्या चहाच्या कपालासुद्धा खाली बुडाशी नंबर. "आता या घरात माणसांनाच तेवढ्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्यात," असं तो महिन्यातून एकदा तरी म्हणायचा. त्यावर जिन्यातून उत्तर यायचं, "तुमची तयार आहे, भाऊजी. फक्त तिच्यावर काय लिहायचं ते ठरत नाहीये."

सवय लॅबची होती. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये बाई अठ्ठावीस वर्षं मदतनीस होत्या. पोरं आली, नापास झाली, पास झाली, त्यातली काही शिकवायला परत आली, आणि बाई आपल्या जागेवर: बाटली धुवायची, पुसायची, चिठ्ठी डकवायची. चिठ्ठी नसलेल्या बाटलीत पाणी आहे की ॲसिड, हे काय जीभ लावून बघायचं? तेव्हा सवय अगदीच वेडेपणाची नव्हती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. वरच्या मजल्यावर बाई एकट्या, खाली दीर आणि जाऊ, आणि संध्याकाळचं जेवण तिघांचं एकत्र.

दीर पोकलेन चालवायचा. गटारं, चर, पाइपलाइनचे खंदक, जे काही लांबलचक खणायचं असेल ते त्याच्याकडे. त्याचा चर या टोकाला उभं राहून डोळा लावून बघावा, थेट दुसरं टोक दिसतं. रेघ एक बोटभर हलली तर हा माणूस मशीन मागे घेऊन पुन्हा खणायचा. साइटवर त्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं, जरी तो वरवर कपाळाला आठ्या घालायचा.

आता त्या पाणथळीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथे झाला.

पाण्याच्या टाकीमागे, जुन्या मातीच्या बांधाच्या अलीकडे एक पाणथळ आहे. जमीन इतकी निकस की गवतसुद्धा नाइलाजानं उगवल्यासारखं दिसतं. खाली शेवाळ, पाय ठेवला की घोट्यापर्यंत पाणी. तिथे घटपर्णी उगवते. तिची पानं म्हणजे उभ्या सुरया. तोंडाशी गोड रस, आत गुळगुळीत भिंत, त्याखाली उलटे केस आणि तळाला पाणी. माशी रस चाखायला येते, घसरते, वर चढायला बघते तर केस आडवे येतात, आणि मग तिचा कारभार आटोपतो. मातीत जे नाही ते ही बया माशीतून काढून घेते. दीर तिला 'माशीखाऊ' म्हणायचा.

माशा मारून खाणाऱ्या झाडाला कोण काय करणार, असं वाटेल. पण हिला मारायला लाड पुरतात. खत घाला, मेली. नळाचं पाणी घाला, मेली. मायेनं कुंडीत लावा, महिन्याभरात मेली. कित्येक हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी खुरपी घेऊन यायची, मुळासकट उपटून न्यायची आणि घरी नेऊन प्रेमानं मारायची. झुडपं माजून सावली पडली तरी हिला चालत नाही, आणि पाणी आटलं तर मुळीच नाही. आसपास एवढी एकच पाणथळ उरली होती. बाकीच्या कधीच भरून त्यांवर घरं उभी राहिली होती.

आणि हिचंही पाणी आटवायची सोय नगरपालिकेच्या कार्यालयानं केली होती. पलीकडे नवी वसाहत झाली, तिच्या रस्त्यांवर पाणी तुंबायला लागलं. मग कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली आणि चर थेट पाणथळीच्या पोटातून ओढ्याकडे काढला. नकाशावर ती जागा कोरी होती ना! बाईंनी तीन वर्षं कार्यालयात खेटे घातले. "तुम्ही प्राध्यापक का?" असं पहिल्याच दिवशी विचारलं गेलं. नाही म्हटल्यावर "मग प्राध्यापकांना पाठवा" असं सांगितलं गेलं. प्राध्यापकांना वेळ नव्हता. बाईंना होता. शेवटी एका दुपारी त्यांनी घटपर्णीच्या बावीस वर्षांच्या मोजणीची वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी वेळ जावा म्हणून पान उलटलं, मग दुसरं उलटलं, मग चष्मा लावला. चर बांधाच्या पलीकडून, तीस पावलं सोडून जाईल, असा हुकूम त्यानंतर निघाला.

या तीन वर्षांत घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. बांध, तीस पावलं, पलीकडून. ऐकून ऐकून दिराचे कान किटले. एका संध्याकाळी तो बोलून गेला, "माशीखाऊसाठी तीन वर्षं घातलीत, वहिनी. तेवढ्यात माझ्या ताटावर बसणाऱ्या माशा हाकलल्या असत्यात तर उपकार झाले असते." तो गमतीनं म्हणाला, पण बाईंना ते फार लागलं. महिनाभर बोलणं बंद, सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर. 'गॅस संपत आला आहे.' 'जिन्यातला दिवा गेला आहे.' जाऊ बिचारी मधल्या मध्ये टपालखातं झाली होती.

मोजणीची वही मुळात लॅबच्या जुन्या सरांची. ही मोजणी त्यांनीच सुरू केली. आता ते ऐंशीच्या घरात, दृष्टी गेलेली, लेकीकडे राहतात. त्यांचा नियम एकच, पण कडक: दोनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. पहिल्या दिवशी दोऱ्या बांधून पट्टे पाडायचे, फळीवर गुडघे टेकून एकेक पट्टा सरकत जायचं, आणि दिसेल त्या घटपर्णीशेजारी नंबर घातलेली झेंडी रोवायची. झेंड्या रात्रभर तशाच. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी उलट्या बाजूनं यायचं आणि पडताळत पडताळत त्या काढायच्या. दोन्ही आकडे जुळले की संध्याकाळी सरांना फोन. सर त्या दिवशी दुपारपासून फोनजवळ बसून असतात, हे बाईंना त्यांच्या लेकीनं सांगितलं होतं.

गेल्या वर्षीचा आकडा होता अठ्ठावन्न. बाईंकडे जुन्या चादरीच्या साठ पांढऱ्या झेंड्या होत्या, त्या पुरून उरायच्या. या वर्षी दुपारी तीनलाच त्या संपल्या! दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरांना हाताशी धरून बाईंनी झुडपं छाटली होती, ऊन आत आलं होतं, आणि आता जिथे तिथे बोटभर उंचीच्या नव्या सुरया तोंड वर करून उभ्या होत्या. बाई फळीवर बसल्या बसल्या एकट्याच हसल्या. मग सायकल काढून घरी आल्या. शेडमध्ये दिराच्या सामानात लाल झेंड्यांचा गठ्ठा पडला होता, त्यातल्या तीस घेतल्या. न विचारता घेतल्या खऱ्या, पण फळीवर चिठ्ठी ठेवली: 'लाल झेंड्या ३० नेल्या. उद्या परत.' परत जाऊन त्यांनी एकसष्टपासून नंबर घालायला सुरुवात केली, आणि दिवस मावळायच्या आत सत्त्याऐंशीवर थांबल्या. तीन झेंड्या उरल्या. गुडघ्यांचा भुगा झाला होता, पण मन असं हलकं झालं होतं की काही विचारू नका.

लाल झेंडी साइटवर कशासाठी लावतात, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ज्या बाईनं तीन वर्षं खणणाऱ्यांशी भांडण केलं, जिच्या घरात खणणारा माणूस रोज जेवतो, तिला हे सुचू नये? पण नाही सुचलं. आनंदात माणसाचं डोकं जरा कमीच चालतं. खणायचं काम पुढच्या सोमवारी आहे, असं पत्रात लिहिलं होतं, आणि बाईंचा पत्रावर विश्वास होता. गुडघे शेकून त्या लवकर झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती साडेअकराला संपेल, मग पडताळणीला जायचं, असा बेत होता. साडेदहाला बाई टेबलावर नमुने मांडत होत्या. सहाव्या बाटलीला चिठ्ठी लावून झाली, सातवी हातात होती, तेवढ्यात जावेचा फोन आला.

"ताई, शेडमध्ये तुमची चिठ्ठी सापडली. लाल झेंड्या तुम्ही नेल्यात?"

"हो गं, सांगायची राहिली. आज आणून ठेवते. का?"

"काही नाही, म्हटलं विचारावं. काल तुम्ही झोपल्यावर ह्यांना नव्या मुकादमाचा फोन आला होता. पाऊस लवकर येतोय, म्हणून पाणथळीकडचं काम आजच घेतलंय. साडेपाचलाच गेले हे."

"आज? सोमवारी होतं ना!"

"होतं. आणि मुकादम म्हणाला, मोजणीवाल्यानं चराच्या खुणेला लाल झेंड्या लावून ठेवल्यात, त्या दिसतील तिथून खणत जायचं. मला आपली शंका आली, ताई... या झेंड्या त्या झेंड्या तर नव्हेत ना?"

बाईंनी सातवी बाटली तशीच टेबलावर ठेवली. दिराला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. दिराचा फोन डब्याच्या पिशवीत असायचा, पिशवी सीटच्या मागे, आणि पुढे तो राक्षस घरघरत असायचा, त्याला कुठलं ऐकू येतंय! पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"बाई, सात नंबरला चिठ्ठी नाही," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

"लावून घ्या," असं म्हणून बाई लॅबच्या बाहेर पडल्या. अठ्ठावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

सायकल त्यांनी कशी हाणली ते त्यांचं त्यांना माहीत. दोन सिग्नल, एक उतार, मग टाकीकडचा लांब चढ. साडेपाचला गेलाय म्हणजे सहाला मशीन सुरू. आता पावणेअकरा. पावणेपाच तासांत फूटपट्टी किती खणतो, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं, कारण तो रोज जेवताना सांगायचा. आणि त्याला खूण दाखवली की तो ती सोडत नाही. दुसरा कुणी आळशी असता, तर दोन-चार झेंड्या सुटल्या असत्या. हा सोडणार नाही. एकूण एक झाड कुठे आहे, याची इतकी चोख यादी बाईंनी स्वतःच्या हातानं करून, वर नंबर घालून दिली होती. बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर भांडता आलं असतं. आता भांडायचं कुणाशी? आणि संध्याकाळी सरांना काय सांगायचं? या विचारानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चढावर समोरचं दिसेना, तेव्हा त्या उतरून सायकल ढकलत पळत सुटल्या.

टाकीला वळसा घातला आणि समोर ताज्या काळ्या मातीचा डोंगर दिसला. पुरुषभर उंच, रस्त्याच्या कडेनं थेट लांबपर्यंत आणून टाकलेला. त्यामागे मशीनची घरघर. लाल झेंडी एकही नाही. बाईंनी दोनदा बघितलं. एकही नाही.

सायकल आडवी झाली आणि त्या तिथेच मातीत बसल्या.

"ओ बाई, इथे बसू नका! काम चालू आहे," असं ओरडत एक पिवळ्या टोपीचा माणूस आला. हाच नवा मुकादम. जवळ येऊन त्यानं त्यांच्या गळ्यातल्या पिशवीकडे बघितलं. तिच्यातून तीन लाल झेंड्या डोकावत होत्या. "अच्छा! म्हणजे ते नंबर घालणाऱ्या तुम्हीच का? काय हो बाई, सकाळपासून माझ्या डोक्याला नुसता ताप झालाय तुमच्यामुळे!"

"किती राहिल्या?" बाईंनी विचारलं.

"काय किती राहिल्या?"

"झाडं हो! झाडं किती राहिली?"

"सगळी राहिली. एकाला हात लावू दिला असेल तर शपथ! तो फूटपट्टी की कोण, तो तुमचा कोण लागतो?"

बाई उठल्या आणि हातापायांवर तो मातीचा ढीग चढल्या. वरून बघितलं. पाणथळ जशीच्या तशी पसरली होती. साठ पांढऱ्या झेंड्या वाऱ्यावर फडफडत होत्या. बाकीच्या जागी, जिथे जिथे लाल होती तिथे तिथे, सोललेली पांढरी काडी उभी होती. बाईंनी वरूनच मोजल्या. सत्तावीस. आणि मग मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या ढिगावर बसूनच त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. मुकादम खाली टोपी खाजवत उभा राहिला.

झालं होतं ते असं. मोजणीवाला आदल्या दिवशी आलाच नव्हता, रजेवर होता. मुकादमाची ती पहिलीच साइट. सकाळी धुकं, त्यात त्याला पाणथळीत लाल झेंड्या दिसल्या. मधल्या पांढऱ्या म्हणजे जुनी मोजणी असेल, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं आणि हात केला: चला, घ्या खणायला.

"तर हा माणूस खाली उतरला," मुकादम सांगत होता, "आणि मला म्हणतो, असला वेडावाकडा चर मी जन्मात खणला नाही आणि खणणार नाही. मी म्हटलं, झेंड्या आहेत तिथे खणायचं, आपल्याला काय करायचंय? तर हा बूट काढून आत शिरला. एक झेंडी उपटली, डोळ्यांजवळ धरली, आणि म्हणाला, हे अक्षर आमच्या वहिनीचं आहे."

"अक्षर?"

"तेच तर! मी म्हटलं, आकडा आहे तो, आकड्याला कसलं अक्षर? तर म्हणतो, हा सात बघा, शेपूट कसं खाली ओढलंय. माझ्या चहाच्या कपावर असाच आहे, छत्रीवर असाच आहे, पंचवीस वर्षं रोज बघतोय. मग मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, लाल आहेत ना, मग खणा. मी फोन याच्या हातात दिला. तर हा साहेबांना, अहो थेट साहेबांना म्हणाला, चर बांधाच्या पलीकडून आहे, तीस पावलं सोडून, तुमच्याच सहीचा कागद आहे, मला पाठ आहे. आणि मशीनची किल्ली काढून खिशात टाकली!"

आठ वाजता मोजणीवाल्याला घरून उचलून आणलं, त्यानं कागद काढला, आणि कागदात तेच निघालं. बांधाच्या पलीकडून, तीस पावलं. तोपर्यंत फूटपट्टी बसला नव्हता. पाणथळीत वाकून वाकून त्यानं एकेक लाल झेंडी काढली होती, न जाणो दुसरा कुणी शहाणा यायचा, आणि प्रत्येकीच्या जागी काडी सोलून रोवली होती. काढलेल्या झेंड्या नंबरवारीनं लावून दोरीनं बांधून ठेवल्या होत्या.

मशीन थांबलं. दीर खाली उतरला, बांध ओलांडून आला आणि ढिगाच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"काय वहिनी, शेडमध्ये चोरी करता?"

"चिठ्ठी ठेवली होती," बाई वरून म्हणाल्या.

"हो का? मग झेंड्यांवर पण लिहायचं ना, 'ही खणायची झेंडी नव्हे'. कात्रीवर कात्री लिहिता, आणि नेमकं हवं तिथे..."

"भाऊजी, बोला. काय वाटेल ते बोला. आज मी काही म्हणणार नाही," असं म्हणत बाई घसरत खाली आल्या आणि त्यांनी त्याचे चिखलाचे दोन्ही हात हातात घेतले. "मला वाटलं सगळं संपलं. मीच संपवलं असं वाटलं हो."

दीर गांगरला. इतक्या वर्षांत वहिनीनं त्याला चिठ्ठ्या खूप दिल्या होत्या, पण हात असे कधी धरले नव्हते. "बरं बरं," तो म्हणाला. "माणसं बघतायत. चला, तुम्हाला एक दाखवायचंय. पण हसायचं नाही, आधीच सांगतो."

बांधाच्या पलीकडे नवा चर होता. बाई टोकाला उभ्या राहिल्या आणि सवयीनं डोळा लावून बघायला लागल्या. सुरुवात सरळ, दोरी लावल्यासारखी. शेवटही सरळ. पण मध्ये, बरोबर मध्यावर, चराला पोट सुटलं होतं. चांगला दोन हात बाहेर जाऊन तो पुन्हा रेघेवर आला होता.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

दीर त्यांना त्या वळणाशी घेऊन गेला. बांधातून जरासं पाणी झिरपून तिथे परातीएवढा ओला तुकडा झाला होता, आणि त्यात शेवाळावर घटपर्णी उभी होती. एकच. तीन सुरया, त्यातली एक अजून पुरती उघडलीही नव्हती. चर आणि तिच्यामध्ये चिकणमातीची भिंत घातली होती, बकेटच्या पाठीनं ठोकून ठोकून घट्ट केलेली, म्हणजे तिचं पाणी चरात उतरायला नको. शेजारी सोललेली काडी आणि काडीला टॉवेलाची फाडलेली पट्टी. पट्टीवर पेन्सिलीनं, दोनदा गिरवून, तिरपेतारपे दोन आठ लिहिले होते.

"ही सुटली तुमच्याकडून," दीर म्हणाला. "बांधाच्या पलीकडे तुम्ही बघितलंच नाहीत. बकेट उचललं होतं मी, म्हटलं हे काय लाल-हिरवं दिसतंय, तर माशीखाऊ. आता सकाळपासून सत्तावीस जणींच्या पाया पडून झालंय, मला ओळखू येणार नाही होय?"

"नकाशात वळण नाहीये," मुकादम मागून कुरकुरला.

"नकाशात हीसुद्धा नाहीये," दीर त्याच्याकडे न बघता म्हणाला. मग बाईंकडे वळून, जरा आवाज उतरवून म्हणाला, "हसायचं नाही म्हटलं होतं मी."

बाई हसत नव्हत्या. तीस वर्षांत बोटभर वाकडं न खणलेल्या माणसाचा तो वाकडा चर त्या बघत होत्या, आणि त्यांना पुन्हा रडू येत होतं.

दुपारी त्यांनी नियमाप्रमाणे उलट्या बाजूनं पडताळणी केली. साठ झेंड्या, सत्तावीस काड्या. आकडा जुळला. चारच्या सुमारास फळीवर बसून त्यांनी सरांना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"किती?" सरांनी विचारलं. इतर काही विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

"अठ्ठ्याऐंशी, सर."

सर म्हणाले, "दोनदा मोजलंस?"

"सत्त्याऐंशी मी दोनदा मोजल्या. एक आमच्या भाऊजींनी मोजली, सर. एकदाच. पण खात्रीची आहे."

"पुन्हा सांग आकडा," सर म्हणाले, आणि बाईंनी पुन्हा सांगितला.

अठ्ठ्याऐंशीव्या नंबरला लॅबची पक्की चिठ्ठी लावायची म्हणून त्या निघताना बांधापलीकडे गेल्या. पेन काढलं. टॉवेलाच्या पट्टीवरचे ते दोन तिरपे आठ बघितले आणि पेन पुन्हा पिशवीत ठेवलं. पट्टी तशीच राहू दिली.

संध्याकाळी जेवायच्या आधी त्या वही घेऊन खाली आल्या आणि दिरापुढे उघडून ठेवली. वहीत शेवटचा रकाना होता: 'कोणी पाहिली'. बावीस वर्षांत त्या रकान्यात दोनच शब्द आले होते. आधी 'सर', मग 'मी'. या वर्षीच्या पानावर सत्त्याऐंशी ओळींत 'मी' होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं 'भाऊजी'.

दिरानं वही दिव्याजवळ नेली. वाचायला एक शब्द, पण त्याला बराच वेळ लागला.

"म्हणजे लावलीत शेवटी मला चिठ्ठी," तो म्हणाला.

"लावली," बाई म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी ताट घ्यायला उठल्या.